वीज तारेच्या पृष्ठभागावरून वाहते काय?

(शिक्षक, पंचायत सदस्य व कार्यालयीन अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळेची नवी खोली किंवा समाजमंदिर बांधून पूर्ण होते आणि वीजजोडणीचे सामान घेण्याची वेळ येते, तेव्हा दुकानात कित्येकदा एक युक्तिवाद ऐकावयास मिळतो. तार आतून ॲल्युमिनियमची असते. वरून तिला तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. किंमत अस्सल तांब्याच्या तारेपेक्षा पुष्कळच कमी असते. गिऱ्हाइकाने शंका काढली की विक्रेता सांगतो, "अहो सरपंच, वीज तारेच्या वरच्यावरच वाहते. आत तांबे असले काय आणि नसले काय, सारखेच!"

हे बोलणे ज्या शास्त्रीय तत्त्वावर आधारलेले आहे, ते तत्त्व खरे आहे. त्याला 'स्किन इफेक्ट' म्हणतात. मराठीत त्यास 'त्वचा-परिणाम' म्हणावे. भौतिकीच्या पुस्तकांत त्यास मानाचे स्थान आहे आणि त्याचे गणित बिनचूक आहे. असे असूनही दुकानातले ते विधान घरगुती तारेपुरते साफ खोटे आहे. खऱ्या तत्त्वातून हा खोटा निष्कर्ष निघतो, याचे कारण त्यातील दोन आकडे गाळले जातात. तारेची जाडी किती, हा एक आकडा. आणि प्रवाह सेकंदाला किती वेळा मागेपुढे होतो, हा दुसरा. हे दोन आकडे हाती असतील तर सार्वजनिक पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, याचा निर्णय गावातल्या गावात करता येतो. शाळेच्या छपरावरील वीजवाहकाच्या बाबतीत तर हा प्रश्न पैशापुरता राहत नाही.

विजेरीतून किंवा मोटारीच्या बॅटरीतून निघणारा प्रवाह सतत एकाच दिशेने वाहतो. तो एकदिश प्रवाह होय. तारेच्या आडव्या छेदात, म्हणजे तार कापली असता दिसणाऱ्या वर्तुळात, तो सर्वत्र सारखा पसरलेला असतो. मध्यभागी जितका, तितकाच कडेला. घराघरांत येणारा प्रवाह मात्र प्रत्यावर्ती असतो. भारतात तो सेकंदाला ५० आवर्तने पुरी करतो, म्हणजे सेकंदात शंभर वेळा दिशा बदलतो. आवर्तनांच्या या संख्येला कंप्रता अथवा वारंवारता म्हणतात.

प्रवाह वाहू लागला की तारेभोवती चुंबकी क्षेत्र निर्माण होते, हे ओर्स्टेड याने १८२० मध्ये दाखविले. चुंबकी क्षेत्र बदलले की संवाहकात विद्युत् दाब प्रवर्तित होतो, हे फॅराडेने १८३१ मध्ये सिद्ध केले. आणि हा प्रवर्तित दाब मूळ बदलाला विरोध करतो, हा लेन्झचा नियम १८३४ चा. त्वचा-परिणाम समजण्यास एवढे पुरे आहे. जाड तार ही अनेक बारीक तारांची मोळी आहे, अशी कल्पना करावी. मोळीच्या अगदी बाहेरच्या काडीला केवळ तारेबाहेरील चुंबकी क्षेत्राचा वेढा असतो. मधल्या काडीला मात्र तारेबाहेरील क्षेत्राचा वेढा असतोच, शिवाय तारेच्या आतील क्षेत्राचाही असतो. प्रवाह मागेपुढे होऊ लागला की ही सारी वलये घटतात-वाढतात आणि मधल्या काडीत सर्वांत अधिक विरोध उत्पन्न होतो. सोप्या वाटेने जाणे हा प्रवाहाचा स्वभाव असल्याने तो मध्य सोडून कडेकडे सरकतो. कंप्रता जितकी मोठी, तितका हा विरोध मोठा, आणि प्रवाहाचा थर तितका पातळ.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. धातूच्या गोळ्यावर स्थिर विद्युत् भार ठेवला तर तो पृष्ठभागावर जाऊन बसतो, कारण सजातीय भार एकमेकांस दूर ढकलतात. त्वचा-परिणामाचे कारण हे नव्हे. तसे असते तर एकदिश प्रवाहही पृष्ठभागावरूनच वाहिला असता. उत्तरपत्रिकांतून या दोन गोष्टींची सरमिसळ वारंवार आढळते. क्वचित मार्गदर्शक पुस्तिकांतूनही आढळते.

या प्रकाराकडे आणखी एका बाजूने पाहता येते आणि ती बाजू शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. दिवसा जमीन तापते, रात्री निवते. पण ही रोजची तापनिव जमिनीत फार खोल जात नाही. साधारण जमिनीत दहा-बारा सेंटिमीटर खाली ती पृष्ठभागावरील तापनिवीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते, आणि हातभर खोलीवर जवळजवळ नाहीशी होते. उन्हाळा-हिवाळ्याचा फेरा मात्र वर्षाने एकदा येतो. तो सावकाश असल्यामुळे जमिनीत दोन-सव्वादोन मीटरपर्यंत बऱ्यापैकी पोचतो. त्याहूनही खोल गेले की वर्षभर तपमान जवळजवळ स्थिर. विहिरीचे पाणी वैशाखात गार आणि पौषात कोमट लागते ते यामुळेच. पेवात साठविलेला माल टिकण्यामागेही हे एक कारण आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे या दृष्टीने प्रसिद्धच होती.

उष्णतेची लाट जमिनीत ज्या गणिताने मुरते, त्याच गणिताने प्रत्यावर्ती प्रवाह धातूत मुरतो. तोही बाहेरून आत शिरतो. आत शिरेपर्यंत बाहेरची दिशा बदललेली असते, त्यामुळे त्याला खोल जाण्यास वेळच मिळत नाही. दोहोंचा नियम एकच आहे: वेग चौपट झाला की खोली निम्मी होते, शंभरपट झाला की दशांश. वर्षाच्या फेऱ्यापेक्षा दिवसाचा फेरा ३६५ पट वेगवान आहे. ३६५ चे वर्गमूळ सुमारे १९. आणि बारा सेंटिमीटरची एकोणीसपट करून पाहिल्यास सव्वादोन मीटर येतात. हे उदाहरण माध्यमिक शाळेच्या फळ्यावर सहज सोडविता येईल.

ज्या खोलीवर प्रवाहाची घनता पृष्ठभागावरील घनतेच्या ३७ टक्के उरते, तिला 'त्वचा-खोली' म्हणतात. सेकंदाला ५० आवर्तनांच्या प्रवाहासाठी तांब्यातील त्वचा-खोली ९.३ मिलिमीटर आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याहून कमी असल्यामुळे त्यात प्रवाह थोडा अधिक खोल, सुमारे १२ मिलिमीटरपर्यंत, जातो. लोखंडात मात्र तो एक-दोन मिलिमीटरांतच अडतो, कारण लोखंड चुंबकी आहे आणि त्यातील क्षेत्र कित्येक पटींनी बळावते.

आता दुकानातल्या त्या विधानाची परीक्षा घेता येईल. घरातील दिवे-पंख्यांसाठी वापरली जाणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार एकसंध असेल, तर तिचा व्यास १.४ मिलिमीटरहून किंचित कमी भरतो. म्हणजे तारेच्या मध्यापासून पृष्ठभागापर्यंतचे अंतर ०.७ मिलिमीटर, आणि प्रवाह तर ९.३ मिलिमीटर खोल जाऊ शकतो. सारी तारच त्वचेहून पातळ! अशा तारेचा प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा रोध आणि एकदिश प्रवाहाला होणारा रोध यांत दहा लाखांत एका भागाइतकाही फरक पडत नाही. प्रवाह तारेच्या रेसारेशातून वाहतो आणि आतील धातू कोणता, याला पुरेपूर महत्त्व असते.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची वाहकता त्याच जाडीच्या अस्सल तांब्याच्या तारेच्या जवळजवळ दोन तृतीयांश असते. तितकाच प्रवाह नेताना ती दीडपटीहून अधिक तापते. शिवाय स्क्रूखाली दाबलेले ॲल्युमिनियम कालांतराने दबते, जोड सैल होतो, उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो जोड तापू लागतो. शाळेतल्या लाकडी फळीवरचे स्विच काळे पडतात, वास येतो, पुढे एखादे दिवशी धूर निघतो. अशी तार ओळखणे अवघड नाही. तोडलेले टोक चाकूने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. आणि तांब्याच्या तारेच्या तुलनेत तिचे वजन निम्म्याहूनही कमी भरते. घरगुती पी.व्ही.सी. तारांसाठी आय.एस. ६९४ हे भारतीय मानक आहे. वेटोळ्यावर त्या क्रमांकासह आय.एस.आय. चिन्ह आहे किंवा नाही, हे खरेदी समितीने पाहून घ्यावे, आणि निविदेत 'तांब्याची तार' एवढेच न लिहिता चौरस मिलिमीटरमध्ये छेदही लिहावा.

याच युक्तिवादाचा एक धाकटा भाऊ आहे. 'अनेक पदरी तारेला पृष्ठभाग जास्त, म्हणून ती जास्त वीज नेते,' असे सांगून बहुपदरी तार महाग विकली जाते. पन्नास आवर्तनांना यातही तथ्य नाही. छेद तितकाच असेल तर एकपदरी आणि बहुपदरी तार सारखाच प्रवाह नेतात. बहुपदरी तारेचा गुण वेगळा आहे: ती लवचीक असते, नळीतून ओढताना मोडत नाही, पुनःपुन्हा वाकविली तरी तुटत नाही. या गुणासाठी ती घ्यावी, जरूर घ्यावी. मात्र टोकाला लग बसवावा, नाहीतर एखाददुसरा पदर स्क्रूबाहेर राहून उपद्रव करतो.

गंमत अशी की, तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्वत्रच फसवी नसते. दूरदर्शनसंचाला छपरावरील डिश-छत्रीतून येणाऱ्या केबलचा मधला गाभा पुष्कळदा पोलादाचा असतो आणि त्यावर तांब्याचा पातळ थर असतो. तेथे ती लबाडी नसून चांगली यंत्रविद्या आहे. त्या केबलमधील संकेतांची कंप्रता सेकंदाला शंभर कोटी आवर्तनांच्या घरात असते. इतक्या कंप्रतेला तांब्यातील त्वचा-खोली एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी जेमतेम दोन भाग उरते. संकेत खरोखरच मुलाम्यातून जातो आणि पोलाद केवळ बळकटी देते. त्याच गाभ्यातून छत्रीवरील यंत्राला लागणारा थोडा एकदिश प्रवाहही पाठविला जातो; तो मात्र मुलामा व पोलाद असा भेद न करता साऱ्या छेदातून जातो. एकाच तारेत दोन प्रवाह दोन वाटांनी जातात, यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

रेडिओच्या मध्यम लहरींच्या भागात, दहा लाख आवर्तनांना, तांब्यातील त्वचा-खोली मिलिमीटरचा सुमारे पंधरावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीएवढी असते. म्हणून तेथे एकमेकांपासून रोगणाने विलग केलेल्या अतिबारीक तारा वेणीसारख्या अशा गुंफतात की प्रत्येक तार आळीपाळीने बाहेर येते आणि आत जाते. तिला 'लिट्झ' तार म्हणतात. स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडीच्या काचेखालचे वेटोळे अशाच तारेचे असते, कारण त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तनांचा प्रवाह जातो. वेटोळ्याने तापू नये आणि भांड्याने मात्र तापावे, अशी तेथे दुहेरी अपेक्षा असते. लोखंडी तव्याच्या बुडात प्रवर्तित झालेला प्रवाह मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच्या थरात कोंडला जातो, रोध वाढतो आणि तवा तापतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तो अधिक जाड थरातून, कमी रोधाने वाहतो. त्यामुळे साध्या शेगडीवर ते पातेले तापत नाही. गिअरचे दाते आणि मोटारींचे दांडे वरून कठीण व आतून चिवट करण्यासाठी कारखान्यांत हीच युक्ती योजतात. कंप्रता वाढविली की पातळ थर तापतो, कमी केली की जाड.

पन्नास आवर्तनांना त्वचा-परिणाम जाणवू लागतो तो संवाहक बोटाहून जाड झाल्यावर. वीस मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या दांड्याचा रोध त्यामुळे सुमारे पावणेतीन टक्क्यांनी वाढतो. हे दुर्लक्षिता येईल. व्यास चाळीस मिलिमीटर केला तर तांबे चौपट लागते, पण रोध चौथ्या हिश्श्यावर न येता तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपासच थांबतो. व्यास ऐंशी मिलिमीटर करावा, तर पुन्हा चौपट तांबे खर्ची पडून लाभ जेमतेम सव्वादोनपट होतो. दांड्याच्या मध्यभागी घातलेले तांबे नुसते भार वाढवीत बसलेले असते.

चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रातील ५०० मेगावॅटच्या जनित्रातून २१ हजार व्होल्ट दाबाने सुमारे १६ हजार अँपिअर प्रवाह बाहेर पडतो. एवढा प्रवाह भरीव दांड्यातून नेणे म्हणजे पैशाचा अपव्यय ठरेल. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमच्या पोकळ, रुंद नळ्या वापरतात. उपकेंद्रांतूनही उंच खांबांवर आडव्या टाकलेल्या नळ्या दिसतात. पाहणाऱ्यास त्या पाण्याच्या वाटाव्यात. जनित्राच्या आतील पट्ट्यांचा प्रश्न मात्र नळीने सुटत नाही. तेथे १९१२ मध्ये लुडविग रोबेल या अभियंत्याने शोधलेली रचना जगभर वापरली जाते: पट्टी अनेक विलग पदरांची करावयाची आणि प्रत्येक पदराने लांबीत आळीपाळीने वरखाली जागा बदलावयाची. लिट्झ तारेतील वेणी आणि ही पट्टी यांचे तत्त्व एकच.

गावोगाव खांबांवरून जाणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या असून त्यांच्या मध्यभागी पोलादाचा पीळ असतो. या तारांच्या आकारांना प्राण्यांची नावे आहेत आणि वायरमन मंडळींच्या तोंडी ती सहज असतात: वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. रॅबिट तारेचा व्यास १०.०५ मिलिमीटर, तर चार लाख व्होल्टच्या वाहिन्यांवरील मूस तारेचा ३१.७७ मिलिमीटर. मूस तारेतील पोलादी गाभा वजा केला तर बाहेरच्या ॲल्युमिनियमची जाडी १०.६ मिलिमीटर उरते. ॲल्युमिनियमची त्वचा-खोली सुमारे १२ मिलिमीटर आहे, हे वर आलेच आहे. म्हणजे सर्व ॲल्युमिनियम कामाला लागलेले असते, आणि जेथे प्रवाह तसाही फारसा गेला नसता तेथे दोन मनोऱ्यांमधील ताण पेलणारे पोलाद बसविलेले असते. पोलाद मध्यभागी ठेवण्याचे पहिले कारण बळकटी हेच होय. पण कमी वाहकतेच्या धातूला याहून योग्य जागा त्या तारेत दुसरी नव्हती.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेत हा परिणाम रुळांत दिसतो. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. तेव्हापासून कित्येक दशके तेथे १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. वरच्या तारेतून आलेला प्रवाह इंजिनातून उतरून रुळांवाटे परत जातो, आणि एकदिश प्रवाहाला रुळाचा सगळा जाडजूड छेद वापरावयास मिळत असे. उपनगरी मार्गांचे २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर रूपांतर २०१६ मध्ये पूर्ण झाले. आता तोच रूळ परतीच्या प्रवाहाला केवळ वरवरची पातळ साल देतो, कारण तो पोलादाचा आहे. रुळाचा रोध कित्येक पटींनी वाढतो आणि प्रवाहाचा काही भाग रूळ सोडून जमिनीतून वाट काढतो. शेजारच्या दूरध्वनी तारांना त्याचा उपद्रव होऊ नये म्हणून प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मार्गांवर परतीची वेगळी तार आणि प्रवाहाला तिच्याकडे ओढणारी रोहित्रे बसविण्याची पद्धत आहे. रूपांतर तोट्याचे ठरले, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दाब जवळजवळ सतरापट झाल्यामुळे तेवढ्याच कामाला प्रवाह सतराव्या हिश्श्याइतका पुरतो, आणि त्या लाभापुढे त्वचेचा हा तोटा किरकोळ आहे.

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत १९९९ पासून एकदिश प्रवाहाची उच्च दाबाची वाहिनी कार्यरत आहे. तिची लांबी ७५२ किलोमीटर आणि क्षमता १५०० मेगावॅट. तीत त्वचा-परिणाम अजिबात नाही. परंतु ती एवढ्यासाठी बांधली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लांब पल्ल्याच्या प्रत्यावर्ती वाहिनीतील प्रवर्तनाच्या आणि स्थैर्याच्या अडचणी टाळणे, हे अशा वाहिन्यांचे मोठे कारण असते. त्वचा-परिणामापासून सुटका हा वरकड लाभ.

या तत्त्वाच्या शोधाचा इतिहास वादाने भरलेला आहे, आणि तो वाद शाळेच्या छपरापर्यंत येऊन पोचतो. गोलाकार संवाहकापुरते याचे गणित होरेस लँब याने १८८३ मध्ये मांडले. १८८५ मध्ये ऑलिव्हर हेविसाइड याने ते कोणत्याही आकाराच्या संवाहकास लागू केले. हेविसाइड हा कोठला प्राध्यापक नव्हता. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला, लहानपणच्या आजाराने कानाने अधू झालेला हा तारमास्तर. चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून त्याने घरी बसून आयुष्यभर विजेचे गणित केले. त्याचे लिखाण दुर्बोध असल्याची तक्रार त्याच्या हयातीतही होती. पुढल्याच वर्षी डेव्हिड ह्यूज याने प्रयोगाने दाखविले की, वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला लोखंडाची आणि तांब्याची तार अगदी निराळ्या तऱ्हेने वागविते. तेव्हा हेविसाइडने, हे आपण आधीच सांगितले आहे, असे निक्षून नोंदविले.

१८८८ मध्ये ऑलिव्हर लॉज याने लंडनमध्ये इमारतींच्या वीजवाहकांवर व्याख्याने दिली. जाड तांब्याच्या तारेचा रोध कितीही कमी असला, तरी एकाएकी उसळलेला विसर्ग ती वाट सोडून शेजारच्या हवेतून उडी घेणे पसंत करतो, असे त्याने प्रयोगशाळेत करून दाखविले. त्या वर्षी बाथ येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात टपालखात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांनी त्यास कडाडून विरोध केला. तारखात्याने बसविलेले असंख्य वीजवाहक नीट काम देत असताना हे नवे गणित कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. दोघांचेही काही अंशी बरोबर होते, असा निर्वाळा आज देता येतो. आकाशातील वीज लॉजच्या प्रयोगातल्याप्रमाणे मागेपुढे हेलकावे खात नाही. बहुधा ती एकाच दिशेने कोसळते. मात्र तिचा प्रवाह सेकंदाच्या काही लाखांश भागांत हजारो अँपिअरवर चढतो, आणि एवढ्या वेगाने चढणारा प्रवाह अतिउच्च कंप्रतेच्या प्रवाहासारखाच वागतो. एक लाख आवर्तनांना तांब्यातील त्वचा-खोली ०.२ मिलिमीटर असते. विजेच्या आघाताचा पहिला, सर्वांत तीव्र क्षण तारेच्या सालीवरूनच सरकतो.

म्हणून इमारतीवरील वीजवाहक पुष्कळदा गोल तारेऐवजी चपट्या पट्टीचा करतात. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टीचा छेद ७५ चौरस मिलिमीटर होतो आणि तिचा परीघ ५६ मिलिमीटर. तेवढ्याच धातूची गोल सळई केली तर परीघ ३१ मिलिमीटरही भरत नाही. पट्टी भिंतीवर घट्ट बसते, हा आणखी एक फायदा. जस्ताचा थर दिलेली लोखंडी पट्टीही मानकांना मान्य आहे. तांब्याची पट्टी चोरीस जाण्याची भीती असेल तेथे लोखंडी पट्टी बेलाशक लावावी. तिच्या जोडांची निगा मात्र राखावी लागते. पट्टी शक्य तितक्या सरळ रेषेत खाली आणावी. सज्जाला वळसा घालताना तिचा अरुंद फास होऊ देऊ नये आणि उरलेल्या पट्टीचे वेटोळे करून भिंतीला टांगू नये. अशा वळणावर वीज वाट सोडून भिंतीत उडी मारू शकते. माणसांच्या वावरात पट्टीस इजा होऊ नये म्हणून ती लोखंडी नळीत घालण्याची कल्पना काही ठिकाणी निघते. लोखंडी नळी चुंबकी क्षेत्र बळावून प्रवाहाची वाटच कोंडते. नळी घालावयाचीच असेल तर प्लास्टिकची घालावी, किंवा लोखंडी नळी वरच्या व खालच्या अशा दोन्ही टोकांना पट्टीशी जोडून घ्यावी.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे अगत्याचे आहे, कारण तो जिवावर बेतू शकतो. 'त्वचा-परिणाम' या नावामुळे काहींची अशी समजूत होते की, वीज अंगावर आली तरी ती माणसाच्या कातडीवरून निघून जाईल आणि हृदयाला धक्का लागणार नाही. विज्ञान प्रदर्शनांतून उच्च कंप्रतेच्या ठिणग्या हातावर घेऊन दाखविणारे प्रयोगही ही समजूत बळकट करतात. निकोला टेस्ला याने १८९१ पासून असे प्रयोग प्रेक्षकांपुढे केले होते. मानवी शरीर धातूच्या मानाने फारच कमी वाहक आहे. दहा लाख आवर्तनांनाही शरीरातील त्वचा-खोली हाताच्या लांबीएवढी, सुमारे पाऊण मीटर निघते. शरीर तर तेवढे जाड नसते. प्रवाह शरीराच्या आतूनच जातो. अतिउच्च कंप्रतेला झटका जाणवत नाही, कारण एवढ्या वेगाला मज्जातंतू साद देत नाहीत. परंतु भाजण्याचा धोका कायम राहतो. घरातील पन्नास आवर्तनांच्या विजेच्या बाबतीत तर हृदय आणि प्रवाह यांच्यामध्ये कोणतीही त्वचा उभी नसते. वादळात बंद मोटारीत बसलेला माणूस पुष्कळ अंशी सुरक्षित असतो, तो गाडीच्या धातूच्या टपामुळे. तेथे प्रवाह टपाच्या पत्र्यावरून उतरतो. माणसाला तसा पत्रा नाही.

शाळेच्या वीजवाहकाची तपासणी बहुधा टोकावरील त्रिशूलाकडे पाहून उरकली जाते. खरी दुखणी खाली असतात. पट्टीचे दोन तुकडे नुसते एकावर एक ठेवून तारेने आवळलेले असतात. वास्तविक ते चांगले एकमेकांवर चढवून बोल्ट किंवा रिव्हेटने पक्के करावयास हवेत. तांबे आणि जस्ताचा थर दिलेले लोखंड थेट एकमेकांस जोडले तर ओलसर हवेत तो जोड गंजतो आणि दोन-चार पावसाळ्यांत धातूऐवजी गंजच उरतो. पट्टीची रुंदी काढून मिळविलेला पृष्ठभागाचा फायदा अशा एका जोडापाशी संपुष्टात येतो. भूसंपर्काच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याचे काम शाळेला सुटी लागली की कोणाचेच राहत नाही, आणि विजेचे मोठे आघात तर मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात होतात. वीजसंरक्षणाच्या भूसंपर्काचा एकूण रोध १० ओहमपेक्षा अधिक असू नये, असे आय.एस. २३०९ या मानकात सांगितलेले होते. तो मोजण्याचे यंत्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे असते. मोजणीची तारीख आणि आकडा शाळेच्या नोंदवहीत दरवर्षी एप्रिलअखेर लिहिला गेला, तर पुढच्या वर्षी तो वाढला की घटला हे मुख्याध्यापकांना आणि पंचायतीला पाहता येते. आणि वाढला असेल तर वळीव येण्यापूर्वी खड्डा उकरून जोड पाहण्यास अजून पुरेसा अवधी असतो.